आजी, कुत्रा आणि वार्षिक नियोजन

जून उजाडला की पाऊस कधी येतो, कधी हुलकावणी देतो. महाराष्ट्रातल्या शाळांत वार्षिक नियोजन मात्र हटकून येतं. आठवी-नववीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई किंवा सर एक लांबरुंद तक्ता आखतात. महिना, कामाचे दिवस, उपलब्ध तासिका, घटक, उपघटक, उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन आणि अगदी उजवीकडे, पान संपता संपता, चिंचोळा 'शेरा'. शेऱ्याच्या रकान्यात वर्षभर कोणी काही लिहीत नाही, कारण तिथे खरं लिहावं लागलं असतं. बाकीचे रकाने भरगच्च असतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात 'विद्यार्थी निसर्गसौंदर्याचा आस्वाद घेतो', तिसऱ्या आठवड्यात 'विद्यार्थी औपचारिक पत्रलेखन करतो' आणि ऑगस्ट लागता लागता 'विद्यार्थ्याची विचारशक्ती विकसित होते'. विचारशक्तीला दोन तासिका दिलेल्या असतात. लग्नपत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा छापलेला असतो, आणि अक्षता कधी पडणार हे यजमानापासून वाढप्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, तरी ती ३७ मिनिटं छापावीच लागतात. नियोजनातला ऑगस्टचा पहिला आठवडा त्याच जातीचा. मुख्याध्यापक सही करतात, शिक्का बसतो, फाइल कपाटात जाते आणि तपासणीच्या दिवशीच बाहेर येते. इंग्रजीच्या तासासाठी वर्षभरात जे काही लिहिलं जातं, त्यात कल्पनाशक्तीला सर्वांत जास्त वाव असलेला मजकूर हाच. दुर्दैव एवढंच की तो शिक्षकाने लिहिलेला असतो. मुलांच्या वाट्याला तेवढी मोकळीक येत नाही.

या तक्त्याला हसणं सोपं आहे. तो भरणाऱ्याला मात्र हसू नये, कारण त्याच्या हाती दिलेलं मापच चुकीचं आहे. नियोजन निघतं ते पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून. पाठ आणि कविता मोजायच्या, महिन्यांनी भागायच्या, उरलेल्या जागी व्याकरण आणि पत्रलेखन कोंबायचं. कुठला पाठ कधी 'घ्यायचा' हे त्यातून कळतं, पण मुलाने एकदा लिहिलेलं पान त्यानेच पुन्हा कधी लिहायचं, याला त्यात रकाना नाही. आपल्याकडे पुन्हा लिहिणं म्हणजे चुकलेलं स्पेलिंग दहा वेळा. माझं म्हणणं असं की तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचं इंग्रजीचं वर्ष अनुक्रमणिकेवरून आखूच नये, दुसऱ्या खर्ड्यावरून आखावं. पाठ निम्म्यावर आणावेत, आणि मुलांनी जे काही लिहायचं ते त्यांच्याकडून दोनदा लिहून घ्यावं. दुसऱ्यांदा लिहिणं हाच खरा तास समजावा. हे ऐकून स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येईल तो वेळेचा, म्हणून वेळेचा हिशेब आधीच मांडतो.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १,००० अध्यापनाचे तास ठरवून दिले आहेत. रोज इंग्रजीची एक तासिका आणि ती साधारण ३५ मिनिटांची धरली, तर वर्षाला ७,७०० मिनिटं होतात, म्हणजे १२८ तासांच्या जरा वर. सलग मोजले तर पाच दिवस आणि आठ तास. शेक्सपिअरची भाषा, पत्राचा मायना, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कथन आणि विचारशक्तीचा विकास, सगळं या पाच दिवस आठ तासांत. तोच कायदा या इयत्तांना ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा असं सांगतो. तसा वर्ग मिळाला, तर एकेका मुलाच्या वाट्याला वर्षाकाठी २२० मिनिटं येतात, म्हणजे दिवसाला बरोबर एक मिनिट. वर्गात साठ मुलं असली, तर दोन तास आठ मिनिटं. यापेक्षा जास्त वेळ मूल एका हिंदी सिनेमाला देतं. आणि यात हजेरी, फळा पुसणं, 'सर, याने माझं पेन घेतलं' आणि प्रयोगशाळेतून उशिरा आलेला वर्ग धरलेला नाही.

शिवाय २२० दिवस हे कायद्यातले. याच कायद्याचं २७ वं कलम म्हणतं की शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला लावू नये. अपवाद फक्त दहा वर्षांनी येणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. निवडणुका म्हणजे ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतच्या. आपल्या देशात अपवादालाच वर्षभर काम असतं. त्यातून शिक्षक सुटलाच, तर दिनविशेष उभे असतात. १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी, मग स्वातंत्र्यदिन, गणपती, शिक्षकदिन, हिंदी दिन, दिवाळीची सुट्टी, बालदिन, संविधान दिन, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, सहल, शिष्यवृत्ती परीक्षा आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. एकही दिवस वगळावा असा नाही, हीच अडचण आहे. १५ ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिवस, आपण वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी वाचनाचं महत्त्व या विषयावर इतकी भाषणं होतात की वाचायला वेळ उरत नाही. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, कोकणात पावसामुळे मधूनच बंद राहतात. तक्ता मात्र सगळीकडे सारखाच. तात्पर्य, वेळ नाही हे खरंच आहे. पण वेळ नसल्याचं हे सत्य माझ्या बाजूचं आहे. पाहुण्यांना एकच खोली द्यायची असेल तर वीस जणांना आमंत्रण धाडू नये.

आता त्या खोलीत काय काय कोंबलं जातं ते पाहू. कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केलेली वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिलची कविता घ्या. डॅफोडिल हे फूल मराठी मुलाने पाहिलेलं नसतं, म्हणून शैक्षणिक साहित्यात 'फुलाचे चित्र' असं येतं, आणि दसऱ्याच्या तोरणातला झेंडू पाहिलेलं मूल चित्राकडे बघून 'असेल बुवा' म्हणतं. ही काही तक्रार नव्हे. साहित्य न पाहिलेल्या गोष्टी दाखवण्यासाठीच असतं. गंमत आहे ती ही कविता लिहिली कशी गेली त्यात. १५ एप्रिल १८०२ रोजी वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी इंग्लंडच्या उत्तरेला अल्सवॉटर तळ्याच्या काठाने चालले होते. तिथे वाऱ्यावर हलणारी ती फुलं दिसली. डोरोथीने दैनंदिनीत त्यांचं बारकाईने वर्णन लिहून ठेवलं. भावाने कविता लिहिली ती सुमारे दोन वर्षांनी, आणि कवितेत तो एकटाच हिंडतो, बहीण गाळली. कवितेतल्या सर्वोत्तम दोन ओळी बायकोने, मेरीने, सुचवल्या हे मात्र त्याने स्वतः कबूल केलं आहे. कविता १८०७ मध्ये छापली, आणि १८१५ मध्ये तिच्यात एक अख्खं कडवं नव्याने घातलं. शाळेच्या भाषेत सांगायचं तर बहिणीच्या वहीवर आधारलेलं, दोन ओळी घरच्यांनी सांगितलेल्या, आणि जमा केल्यावर आठ वर्षांनी दुरुस्ती. आठवी 'ब' मधल्या कोणी असं केलं असतं तर पालकांना बोलावणं गेलं असतं. (१८०७ सालीच लॅम्ब बहीण-भावाने सांगितलेल्या शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी निघाल्या. वीसपैकी चौदा मेरी लॅम्बने लिहिलेल्या, पहिल्या आवृत्तीवर नाव एकट्या भावाचं. त्या साली इंग्लंडचं साहित्य बहिणींच्या जिवावर चाललेलं दिसतं.)

म्हणजे ज्या कवितेसाठी कवीला एक दैनंदिनी, दोन वर्षं, एक बायको आणि तेरा वर्षांनी आठवलेलं एक कडवं लागलं, तिला आपण दोन तासिका देतो आणि तिसऱ्या तासिकेला 'निसर्गावर दहा ओळी लिहा' म्हणतो. मुलंही व्यवहारी असतात. ती निसर्गाकडे बघत बसत नाहीत, गाइडकडे बघतात. पुढे दहावीच्या कृतिपत्रिकेत कवितेचं रसग्रहण ठरलेल्या मुद्द्यांवर लिहायचं असतं: शीर्षक, कवीचं नाव, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना आणि आवडती ओळ. आवडती ओळ असावीच लागते. कविता बरी आहे पण एकही ओळ विशेष भावली नाही, असं म्हणायची सोय नाही, आणि भावली तर का, याला फारशी जागा नाही. आठवीपासूनच मुलं प्रत्येक कवितेची आवडती ओळ आधीच ठरवून ठेवतात. बहुधा पहिलीच, कारण ती पाठ असते.

रॉबर्ट फ्रॉस्टच्या दोन वाटांच्या कवितेचं तर याहून बिकट झालं आहे. १९१५ मध्ये ती छापून आली, आणि एनसीईआरटीच्या नववीच्या 'बीहाइव्ह'मधून ती देशभरच्या मुलांच्या दप्तरात शिरली. फ्रॉस्टचा मित्र एडवर्ड थॉमस याला फिरायला गेल्यावर कुठल्या वाटेने जावं ते ठरवता यायचं नाही, आणि कुठलीही घेतली तरी दुसरी राहिली म्हणून तो हळहळायचा. त्याची थट्टा म्हणून ही कविता सुरू झाली. कवितेत दोन्ही वाटा जवळपास सारख्याच तुडवलेल्या आहेत असं कवी स्वतःच सांगतो, आणि पुढे कधीतरी आपण याची मोठी गोष्ट करून सांगू, अशी स्वतःचीच फिरकी घेतो. आपल्याकडे तिची मध्यवर्ती कल्पना अशी शिकवली जाते: 'कवी आपल्याला वेगळी वाट निवडण्याचा संदेश देतो.' सगळी साठ मुलं एकाच शब्दांत लिहितात की वेगळी वाट निवडावी. एखाद्याने कविता खरोखर वाचली आणि 'दोन्ही वाटा सारख्याच होत्या, सर' असं म्हटलं, तर 'परीक्षेत असं लिहू नकोस' हाच सल्ला मिळण्याची शक्यता जास्त. वीस पाठ गाठायचे असले की कवितेतली थट्टा थांबून ऐकायला कोणाला सवड नसते. संदेश चटकन उतरवून घेता येतो.

पण खरी फसगत वाचनापेक्षा लेखनात होते. 'माय बेस्ट फ्रेंड' हा निबंध घ्या. वर्गातल्या साठ मुलांचा मिळून एकच मित्र असतो. तो हुशार, प्रेमळ, मदतीला तत्पर. त्याचे वडील डॉक्टर किंवा इंजिनिअर, आई गृहिणी. तो रोज लवकर उठतो आणि वडीलधाऱ्यांचा आदर करतो. असा मुलगा त्या वर्गात कोणाला कधी दिसलेला नसतो. 'अ व्हिजिट टु अ हिल स्टेशन' मधले सगळे जण उगवत्या सूर्याच्या सोनेरी किरणांनी मंत्रमुग्ध होतात. बस लागली, उलट्या झाल्या, वडापाव थंड होता हे कोणाच्याच सहलीत घडत नाही. ही काही मुलांची लबाडी नव्हे. बिनचूक वाक्याला गुण आहेत हे त्यांनी ओळखलेलं असतं, आणि बिनचूक वाक्यं गाइडात तयार मिळतात. आता गाइडाचं काम घरच्या मोबाइलमधला एआय करतो, तोही फुकटात, आणि त्याचा मित्र तर आणखीच आदर्श निघतो.

समजा, या गर्दीत एखादी मुलगी लिहिते: 'माय ग्रँडमदर इज नॉट टॉकिंग विथ अवर डॉग सिन्स दिवाळी.' हे वाक्य जुलैत लिहिलेलं असेल तर अबोला आठ-नऊ महिन्यांचा झाला. माझ्या मते त्या वहीतलं हे सर्वांत मोलाचं वाक्य, आणि नेमकं त्याच्यावर सगळ्यात जास्त लाल शाई सांडणार. काळ चुकला, गोल. 'विथ' चुकलं, गोल. समासात 'टेन्स!' असं उद्गारचिन्हासकट. मुलगी पुढच्या वेळी शहाणी होते आणि लिहिते की माझी आजी प्रेमळ आहे, ती मला बोधकथा सांगते. एकही चूक नाही, पूर्ण गुण. कुत्रा वहीतून कायमचा हद्दपार, आणि आजीही निबंधातल्या सार्वजनिक आजीत विलीन. आता हाच प्रसंग दुसऱ्या खर्ड्याच्या हिशेबाने पाहा. बाई गोल करत नाहीत. समासात एवढंच विचारतात की का बोलत नाही? मुलगी वर्गात उभी राहून मराठीत सांगते की दिवाळीत आजीने देवापुढे नैवेद्याचं ताट ठेवलं होतं, त्यातल्या अनारशांना कुत्र्याने तोंड लावलं, आणि वर शेपूट हलवली. वर्ग हसतो. बाई म्हणतात, हेच लिही, आणि अबोला दिवाळीला सुरू होऊन अजून चालूच आहे ना, तर त्याला इंग्रजीत असं म्हणतात: 'हॅज नॉट स्पोकन टु अवर डॉग सिन्स दिवाळी.' नियोजनात प्रेझेंट परफेक्ट जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होता. या मुलीला तो जुलैतच लागला, कारण तिच्या घरातलं भांडण जानेवारीपर्यंत थांबणारं नव्हतं. ती तो विसरणार नाही, आणि तिच्या बाकावर बसणारी मैत्रीणही विसरणार नाही.

हे सगळं ठीक, पण आधी व्याकरण पक्कं नको का, हा आक्षेप घरोघरी आहे आणि त्याला परंपरा आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि रेन-मार्टिनच्या व्याकरणावर पिढ्या पोसल्या, त्यांचं इंग्रजी आजच्या पोरांपेक्षा चोख होतं, असं म्हणतात. ते चोख होतं हे मान्य करू. पण ती मुलं मोजकी होती, घरून पाठबळ घेऊन आलेली होती, आणि जी गळाली त्यांचं इंग्रजी कसं होतं हे सांगायला ती आज आपल्यात बसत नाहीत. शिवाय रेनसाहेबांचंच उदाहरण बघा. पी. सी. रेन मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खात्यात नोकरीला होते. त्यांना जगात नाव मिळालं ते १९२४ च्या 'बो जेस्ट' या कादंबरीने. वाळवंटातला किल्ला, आणि मारा करणाऱ्याला माणसं कमी पडलेली कळू नयेत म्हणून तटावर मेलेल्या शिपायांना बंदुका देऊन उभं केलेलं! गोष्ट कशी रंगवावी हे ज्याला इतकं कळत होतं, त्याचं नाव आपल्या मुलांना फक्त कर्तरी-कर्मणी प्रयोगाच्या धाकाने ठाऊक आहे. व्याकरणाला माझा विरोध नाही. रामाने मारलेला साप गेली कित्येक दशकं कर्मणी प्रयोगात मरतो आहे आणि मुलं त्याला बिनचूक मारतात. स्वतःच्या पत्रात मात्र त्यांना कर्मणी प्रयोग सुचत नाही. ज्या वाक्याला नियम हवा आहे ते वाक्य समोर असताना नियम सांगितला तर तो लागतो, एवढंच माझं म्हणणं, आणि असं वाक्य पहिल्या खर्ड्यातच सापडतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: साठ वह्या दोनदा तपासायच्या कोणी? एका पानाला पाच मिनिटं धरली तरी तीनशे मिनिटं होतात, म्हणजे पाच तास, तेही एकाच तुकडीचे. शिक्षकाला तुकड्या तीन-चार असतात आणि घरही असतं. उत्तर असं की दोनदा तपासायचंच नाही. पहिला खर्डा मुलांनी एकमेकांचा वाचावा, आणि वाचणाऱ्याने एकच प्रश्न लिहावा: मला इथे काय कळलं नाही? चौदा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या लिखाणातलं काय कळलं नाही हे सांगायला फार आवडतं; एरवी या आवडीचा वर्गात उपद्रवच होतो, इथे तिचा उपयोग होतो. शिक्षकाने फक्त दुसरा खर्डा वाचावा, आणि त्यातही एका वेळी एकच गोष्ट पाहावी. या पंधरवड्यात काळ, पुढच्या पंधरवड्यात परिच्छेद. बाकीच्या चुका दिसल्या तरी डोळेझाक करावी. डोळेझाक हा शब्द नियोजनात चालत नाही, म्हणून तिथे 'केंद्रित मूल्यमापन' असं लिहावं; साहेब खूश होतील.

तिसरा आक्षेप बोर्डाचा. दहावीला ८० गुणांची कृतिपत्रिका आहे, त्यात पत्र आहे, भाषांतर आहे, न वाचलेला उतारा आहे. निम्मे पाठ सोडलेल्या मुलाचं तिथे काय होणार? पण नीट पाहिलं तर याच कृतिपत्रिकेने पाठ केलेल्या उत्तरांची सद्दी बरीच कमी केली आहे. न वाचलेला उतारा हा न वाचलेलाच असतो; वीस पाठ संपवलेल्या मुलालाही तो नवाच. तिथे ज्याला स्वतःचं वाक्य जुळवता येतं तोच तरतो. आणि पाठ निम्मे म्हणजे पुस्तक फाडून टाकणं नव्हे. उरलेले पाठ मुलांनी वाचावेत, एखादा मोठ्याने वर्गात वाचून व्हावा, त्यावर 'टेल मी अबाउट' थाटाचे प्रश्न लादू नयेत. एखादी गोष्ट वाचून नुसतं गप्प बसण्याची मुभा आपण मुलांना देत नाही. जिला स्वाध्याय नाही अशी गोष्ट मूल कदाचित दुसऱ्यांदाही वाचेल.

दुसऱ्यांदा लिहिणं हे तेरा-चौदाच्या वयाला झेपत नाही, असं कोणाला वाटत असेल तर एक दाखला मुलांच्याच दप्तरात आहे. ॲन फ्रँकला तेराव्या वाढदिवसाला, १२ जून १९४२ रोजी, वही मिळाली. एनसीईआरटीच्या दहावीच्या 'फर्स्ट फ्लाइट'मध्ये तिच्या दैनंदिनीतला भाग आहे. त्यात बडबड करते म्हणून गणिताचे सर तिला शिक्षेखातर 'बडबडी' या विषयावर निबंध लिहायला लावतात, आणि ती बडबड आईकडून वारशाने आली आहे, तिला इलाज नाही, असा रोखठोक युक्तिवाद करते. सर हसतात आणि दुसरा निबंध सांगतात, मग तिसरा; तिसरा ती कवितेत लिहिते, आणि तो सर वर्गात वाचून दाखवतात. शिक्षा म्हणून सांगितलेला निबंध तिच्या हातात खरा झाला, कारण तो तिच्याबद्दल होता. याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. मार्च १९४४ मध्ये लंडनहून डच मंत्र्यांचं रेडिओवर भाषण झालं की युद्धकाळातल्या दैनंदिन्या, पत्रं जपून ठेवा. ते ऐकून, लपलेल्या जागेत, चौदा वर्षांच्या त्या मुलीने आपली दैनंदिनी सुट्या कागदांवर पुन्हा लिहायला घेतली. काही गाळलं, काही वाढवलं, काही ठिकाणी धार दिली. ऑगस्टमध्ये अटक होईपर्यंत ते काम चालू होतं. तिला हे कोणत्याही नियोजनाने सांगितलं नव्हतं. वयाचा प्रश्न इथे मिटतो असं मला वाटतं.

वाचायला काय निवडावं, यावर मी फार अडून बसणार नाही. त्यावर स्टाफरूममध्ये भांडणं व्हावीतच. पण मराठी मुलाला इंग्रजी ही दुसऱ्यांच्या फुलांविषयीची भाषा वाटू नये, एवढं पाहावं. अरुण कोलटकर मराठीतही लिहीत आणि इंग्रजीतही. त्यांचं 'जेजुरी' १९७६ मध्ये इंग्रजीत आलं आणि त्याला राष्ट्रकुल कवितापुरस्कार मिळाला. भंडारा उधळलेली जेजुरी निम्म्या वर्गाने पाहिलेली असते. तिच्यावर कोणी इंग्रजीत लिहितं आणि तेही भक्तिभाव सोडून, तिरकस नजरेने, हे कळणं हीच चौदाव्या वर्षी मोठी बातमी आहे. 'फर्स्ट फ्लाइट'मध्येच लुसियो रॉड्रिग्स यांचा गोव्यातल्या पाववाल्यावरचा लेख आहे. बांबूच्या खुळखुळत्या काठीने गल्ली जागी करणारा तो माणूस मालवणच्या मुलाला परका नाही. आणि डॅफोडिलही राहू द्यावेत, पण डोरोथीच्या पद्धतीने. जुलैत मुलांनी आपल्या वाटेवरचं काही तरी, तुंबलेलं गटार चालेल, शेताचा बांध चालेल, दहा ओळींत टिपून ठेवावं. वर्ड्‌स्वर्थ त्यानंतर वाचावा. आणि त्याच टिपणावरून दिवाळीनंतर पुन्हा लिहावं. बहिणीची वही घ्यायची परवानगी असावी, फक्त तिचं नाव खाली लिहावं. वर्ड्‌स्वर्थकडून ते राहून गेलं.

शेवटचा आक्षेप पालकांचा, आणि तो सगळ्यात अवघड. पालकसभेत वही हातात घेतली की आई-वडील पहिल्यांदा अक्षर बघतात, मग समास, मग खाडाखोड. दुसऱ्या खर्ड्याचं वर्ष म्हणजे खाडाखोडीचं वर्ष. पहिल्या पानावर काट्याकुट्या, बाण, समासात मैत्रिणीने लिहिलेलं 'मला कळलं नाही', आणि मधेच कुत्र्याचं चित्र. असली वही पाहून एखादे वडील शाळा बदलायचा विचार करतील. यावर दोन वह्यांची जुनी तडजोड आहेच, रफ आणि फेअर. फक्त त्यांची कामं उलटी करावीत. फेअर वही घरी न्यावी, पाहुण्यांना दाखवावी, तिच्यावर चांगल्या अक्षराचा शेरा घ्यावा. वार्षिक तपासणीला मात्र रफ वही ठेवावी, आणि साहेबांना सांगावं की मूल्यमापनाचा रकाना म्हणजे हीच. तिला खाकी कव्हर घालण्याची सक्ती नसावी.